शेजारचं शिवार

उमरखेडच्या कोर्टात वकिलांची टेबलं पत्र्याच्या शेडखाली ओळीने मांडलेली असतात. बाबांच्या वारस दाखल्यासाठी मी ज्यांना भेटायला गेले होते, ते सदाशिवराव वकील त्या दिवशी आलेच नव्हते. परत निघाले, तर ऐन संक्रांतीच्या आधी पाऊस आला, आणि मी जवळच्या टेबलाशी सरकले. टेबलामागच्या तरुण वकिलाने समोरच्या खुर्चीवरच्या फायली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतल्या.

"बसा. पाऊस फुकट आहे, सल्ला मात्र…" तो थांबला. "सल्लाही फुकटच आहे. सकाळपासून कोणी विचारूनच नाही राह्यलं."

मला हसू आलं. बाबा गेल्यापासून अनोळखी माणसासमोर पहिल्यांदाच. म्हणूनच असेल, सदाशिवरावांना विचारायला मी कधीच धजले नसते, ते याला विचारून बसले.

"मोबाइलवरच्या खेळात सुरुवातीला नियम येतात ना… खाली 'मान्य आहे' असतं. कोणी वाचत नाही, नुसतं बोट लावतात. तो करार कायद्यात खरा धरतात का?"

"काहून? शिव्या देल्ल्या का कोणाले?"

"दुसऱ्याच्या खात्यावरून खेळले."

"चेहऱ्यावरून वाटत नाही तुमच्या."

मी नजर पावसाकडे वळवली. त्याने मात्र प्रश्न थट्टेवारी नेला नाही. बोट लावलं की करार झाला, असं त्याने सांगितलं. कागद नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि वाचला नव्हता हे कारणही सहसा चालत नाही. मान्य करणारा अठरा वर्षांच्या आतला असता, किंवा अट उघड अन्यायाची असती, तर भांडायला जागा होती. पण स्वतःचं खातं दुसऱ्याला देऊ नका, यात कोणत्या न्यायाधीशाला अन्याय दिसणार?

"आणि ज्याने मान्य केलं, तो माणूसच राहिला नसेल तर?"

पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होता, तरी त्याने ते ऐकलं. पेनाला टोपण लावलं आणि ते बाजूला ठेवलं. मग मी सांगत गेले.

बाबा ढाणकीच्या बाजूला एका जिनिंगमध्ये कापसाची प्रतवारी करायचे. बोंडअळीच्या त्या वर्षी कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या. दुपारी जिनिंग शांत असायची. तेव्हा त्यांनी मोबाइलवर शेतीचा एक खेळ घेतला. तो खेळ आसपासच्या तालुक्यांतले लोक शेजारी म्हणून जोडून द्यायचा. एकमेकांच्या पिकाला पाणी द्यायचं, कापूस फुटला की वेचायचा, आणि धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर उभं राहून गप्पा लिहायच्या. दिवाळीनंतर एका पहाटे बाबा झोपेतच गेले. काही दिवसांनी मी त्यांचा मोबाइल उघडला, तर खेळातली त्यांची पऱ्हाटी, कपाशीची झाडं, सुकायला आली होती. मी पाणी दिलं. मग रोज देत राहिले, फुटलेला कापूस वेचत राहिले. लिहिलं मात्र काहीच नाही. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या जुन्या गप्पा वाचायचे, तेही रोज थोड्याशा, संपू नयेत म्हणून. आता कोणीतरी तक्रार केली होती. खातं बंद झालं होतं आणि फेब्रुवारीअखेर सगळं पुसलं जाणार होतं.

"मला शेत नको आहे," मी म्हणाले. "त्यांचं बोलणं हवं आहे. निम्मंसुद्धा वाचून झालं नव्हतं माझं."

"करार त्यांच्यासोबत होता," तो सावकाश म्हणाला. "तुमच्यासोबत नाही, म्हणून तो तुम्हाले बांधत नाही. पण तुम्ही त्यात नाही, म्हणूनच त्यातलं काही तुम्हाले मागताही येत नाही. नोटीस धाडून पाहू… खेळात नाव काय होतं त्यांचं?"

"देवराव. पुढे ढाणकी."

त्याने मांडीवरच्या फायली टेबलावर ठेवल्या. एक खाली घसरली, ती त्याने उचललीच नाही.

"तुम्ही सकाळी वेचत होत्या कापूस," तो म्हणाला.

मला काही कळेना. "सातला शाळा असते माझी. मी शिकवते. त्याआधीच वेळ मिळतो."

"काका दुपारशिवाय वेचत नव्हते. दव सुकल्याबिगर नाही. मी म्हणलं होतं त्यांना, काका, मोबाइलात कुठचं आलं दव? तर म्हणे, ओल्या कापसाले माझा हात लागत नाही बापू." त्याचा आवाज खाली आला. "मग एकाएकी सूर्य निघायच्या आत वेचणी सुरू झाली. हाक मारली, उत्तर नाही. मले वाटलं, काकांचं खातं कोणी चोरलं. शेजाऱ्यानं असं पाहिलं तर कळवायचं, हाही नियम आहे त्यात… तक्रार मी केली. मी संघदीप. त्यांचा शेजारी."

मला राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर आले ते बाबा… कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून ओल शोधणारे. त्यांच्या घरात वाढलेली मी. मला ते सुचलं नाही. आणि ज्याने त्यांना कधी पाहिलंही नव्हतं, त्याने नुसत्या वेचणीच्या वेळेवरून माणूस बदलल्याचं ओळखलं होतं. बाबा गेल्याचं त्याला या क्षणी माझ्याकडून कळत होतं. तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत राहिला, काच स्वच्छ झाली तरी.

पाऊस थांबला. मी उठले नाही.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "बोलणं दोघांचं असते. त्यांच्याकडचं पुसलं तरी माझ्याकडचं राहते. आणि माझं बोलणं मी कोणाले दाखवू नये, असं नियमांत कुठंच लिहिलेलं नाही. सगळे वाचले आहेत मी."

आजच सगळं पाठवून देतो, म्हणाला. मी नको म्हणाले. थोडं थोडं हवं होतं मला.

"म्हणजे यावं लागन तुम्हाले."

"यावं लागेल," मी म्हणाले, आणि मग उगाच पदर सारखा केला.

त्याने तक्रार मागे घेतली, नोटीसही पाठवली. कंपनीचं उत्तर फार सभ्य होतं आणि नाही असं होतं. तोवर दर शनिवारी शाळा सुटली की मी ढाणकीहून उमरखेडला जाऊ लागले होते. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, चहाच्या दोन कपांमध्ये मोबाइल ठेवून तो बाबा वाचायचा. बोंडअळीवर वाचायचा, गुडघेदुखीवर वाचायचा… आणि माझ्यावर.

"'मैत्रेयी पुस्तक घेऊन बसली की दूध उतू जाते. मी गुपचूप ओटा पुसून घेतो.'"

"खोटं आहे ते."

"काका खोटं लिहितीन?"

एकदा वाचता वाचता तो मध्येच अडखळला, कानांपर्यंत लाल झाला. मी मोबाइल ओढून घेतला. बाबांनी लिहिलं होतं, 'तिले कोणी आवडलं तर ती सांगणार नाही. त्यानंच समजून घ्या लागन.' मी मोबाइल परत दिला. चहा निवून गेला होता. आम्ही दोघांनीही तो तसाच पिऊन टाकला.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, तेच हॉटेल. त्याच्या मोबाइलवर शेजारचं हिरवं शिवार आमच्यादेखत नुसती काळी माती होऊन गेलं. इतके दिवस आवरलेलं रडू मला तिथे आलं, चारचौघांत. तो खुर्ची थोडी सरकवून रस्त्याच्या बाजूला बसला, येणाऱ्याजाणाऱ्यांना मी दिसू नये म्हणून.

डोळे पुसले आणि मी माझा मोबाइल काढला. त्या रिकाम्या जागेसाठी, स्वतःच्या नावाने खातं काढायला घेतलं. नियम आले. मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागले. जिथे अडायचे, तिथे तो समजावून सांगायचा. कधी दोन वाक्यांत, कधी उगाचच दहा. ऊन टेबलावरून खाली उतरलं.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "ढाणकीची बस लागलती. सुटलीपण. मी… मुद्दाम नाही बोललो."

"मला दिसली होती," मी म्हणाले, आणि पुढचं कलम वाचायला घेतलं.