सदतीस अंशांची ऊब

पेणच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून इशिताने डबा उघडला. बोटांना गारवा लागला. आत बर्फ! चांगला ठेचून, काठोकाठ भरलेला!

“यात बर्फ कोणी टाकला?”

“मी.” समोरचा उंच, सावळा तरुण मोठ्या खुशीत म्हणाला. “तुम्ही आत सही करायला गेलात ना, म्हटला ताजी वस्तू हाय, नासंल.”

हा धनेश. जवळच्याच गडब गावचा, डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. आणि डब्यातल्या बाटलीत होती त्याच्याच आईची चरबी. हौसाबाईंचं सकाळी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्यात निघालेली मूठभर चरबी एरवी फेकूनच देतात. पण “घेऊन जा गो बाय, कुनाच्या तरी कामाला येऊदे,” म्हणत त्यांनी आदल्या दिवशीच संमतीचा कागद करून दिला होता. धनेश खाडीकाठी वाढलेला. त्या घरात ताजी मासळी बर्फाविना ठेवली तर बोलणी खावी लागतात. बिचाऱ्याने केली ती मायाच होती.

पण चरबीच्या पेशी मोठ्या नखरेल. त्यांना अंगाइतकी ऊब लागते, सदतीस अंश. गारठल्या की संपल्या. इशिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“रडू नका ना...” धनेश पार गोंधळला. “मी काय केला, ते तरी सांगा.”

मग तिने सांगितलं. वजन वाढलं की चरबी आतल्या आत सुजते, आणि त्या सुजेपायी साखरेचा आजार बळावतो. रोह्याच्या तिच्या प्रयोगशाळेत ही सूज उंदरांवर अभ्यासायचे. इशिताचा हट्ट असा, की दुखणं माणसाचं तर चरबीही माणसाचीच हवी. काचेच्या बशीत ती सात दिवस जगवते, तिथेच तिला सूज आणून औषधाने उतरवूनही दाखवते. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी महिनाअखेरची मुदत दिली होती. नाही जमलं, तर उंदरांचे पिंजरे परत येणार आणि तिचं काम बंद.

“याआधीचे तीन नमुने वाटेतच गेले. एसटी हायवेवर अडकते, गरम पाण्याच्या पिशव्या निवतात. आता एकच ऑपरेशन उरलंय... येत्या बुधवारी.”

“मंग बुधवारी मी नेतो तुम्हाला. बाईकवर.” तो खाली बघत म्हणाला. “चूक माझी हाय ना.”

हौसाबाईंना दुपारी हे कळलं, तेव्हा खाटेवरूनच त्या लेकावर कडाडल्या, “मेल्या, इचारायला तोंड नव्हता?”

बुधवारी डबा हातात आला, तेव्हा पेणवर पौषातलं दाट धुकं होतं. धनेश शिफ्ट बदलून आला होता.

“डब्याला वारा लागंल, मॅडम. दोघांच्या मधी धरा.”

“मधेच आहे.”

“मंग जरा... सरका ना पुढं.”

“हे पेशींसाठी ना?”

“पेशींसाठीच!” — पण आरशात त्याचे डोळे हसत होते.

रस्ता धुक्यातून हळूहळू उलगडत होता. गडब मागे पडलं. वालाच्या शेतांचा ओला हिरवा वास आला. एका बाजूने त्याच्या पाठीची ऊब, दुसऱ्या बाजूने तिची... मधे तो डबा. दर दोन मैलांवर तो विचारायचा, “किती?” डब्यावरच्या तापमापकाच्या काट्याकडे बघून ती म्हणायची, “सदतीस.”

“आनि तुम्ही? गारठलात?”

“नाही...” ती हळूच म्हणाली. रोहा आणखी थोडं लांब असतं तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटून गेलं.

मग रोज संध्याकाळी फोन. “काय म्हनतात आपल्या पेशी?”

“आपल्या?”

“मग! अर्धी ऊब माझी हाय.”

सातव्या दिवशी इशिताने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि श्वास रोखला. गोल गोल, तेजाळ थेंब — सगळे जिवंत! तिने लगेच फोन लावला.

“धनेश, जगल्या! सूज आली... आणि औषधाने उतरलीसुद्धा!”

“आरं वा! सर काय बोलले?”

“सरांना... अजून नाही सांगितलं.”

“का?”

सर शेजारच्याच खोलीत होते, चार पावलांवर. आणि तिने फोन लावला होता गडबला. का, ते तिला स्वतःलाही आत्ताच कळत होतं.

“पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं.”



“इशिता...” तो म्हणाला. आजवर नुसतं मॅडम होतं. “मना बी एक सांगायचा व्हता. पन ठरवलेला, पेशी जगल्याबिगर बोलायचा नाय. मेल्या असत्या, तर कुठल्या तोंडानं बोललो असतो?”

“आता जगल्या ना? मग बोला.”

“मना तुम्ही आवडता. लय.”

इशिताने डोळे मिटून घेतले. “मलाही तुम्ही... खूप,” ती म्हणाली. “थांबा, फोन ठेवू नका हं.” आणि तो तसाच छातीशी धरून ती सरांचं दार वाजवायला गेली.