अंगठा बसेना

“ही माझ्या आईची बरणी नाही,” मातीकामाच्या त्या छोट्याशा गॅलरीची मालकीण म्हणाली. “रंग तोच, डाग तेच. पण रोज गॅलरी उघडली की बरणीवर उमटलेल्या आईच्या अंगठ्याच्या ठशात मी माझा अंगठा ठेवते. आज बसेना. आणि उद्या संग्रहालयाचा माणूस बरणी विकत न्यायला येतोय. खोटी दिली तर माझं नाव गेलं!”

जिला ती हे सांगत होती, तिला सगळे दुर्बीण म्हणत. खाजगी शोध हा तिचा धंदा. नवरा मदतनीस, त्याला कोणी काहीच म्हणत नसे.

“अंगठा सुजला असेल,” नवरा म्हणाला.

“अहो, बरणी उचला जरा.”

खालचं हिरवं कापड उन्हाने विटलं होतं. मधलं वर्तुळ तेवढं गडद राहिलं होतं. पण ते बरणीच्या बुडापेक्षा चांगलं मोठं होतं. बरणीच्या अंगावरून काठापासून बुडापर्यंत एक बारीक रेघ उतरली होती, घासून पुसट केलेली. दुर्बिणीने ती नखाने चाचपली.

गॅलरीच्या किल्ल्या आणखी दोघांकडे होत्या: आईच्या शिष्येकडे आणि मालकिणीच्या भावाकडे.

मागच्या खोलीत शिष्या चाकावर बसली होती. “नक्कल? मला येते की!” ती फणकारली. “पण मी आधी मोठी घडवेन. सुकताना, भाजताना माती आखडते. संशय घ्यायचा तर नीट घ्या!”

“आईंचा रंग कुठे असतो?”

“त्या पिंपात. भट्टीही उघडीच. ताईंचा भाऊसुद्धा कधीमधी लावतो.”

भाऊ पुढच्या खोलीत शिडीवर होता, छताला प्लास्टरची फुलं बसवत.

“काय सारखी आहेत हो!” दुर्बीण म्हणाली.

“साचा, ताई! एका फुलावरून साचा घ्यायचा आणि ओतत सुटायचं. केसाचा फरक नाही.”

“उद्या बरणी चालली म्हणे.”

“जाऊ दे.” तो छताकडेच बघत होता. “जगाला विचारून झालंय ना हिचं.”

दुर्बिणीने सगळ्यांना बरणीभोवती बोलावलं.

“ठसा रेघ न् रेघ तोच आहे, फक्त लहान. हाताने असा उतरत नाही, साच्यातूनच उतरतो. अंगावरची ही रेघ म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा. साच्यातली माती भाजताना आखडणार हे शिष्येला ठाऊक, ती मूळ बरणीवरून साचा घेणारच नाही. घेईल तो प्लास्टरवाला. त्याचं प्लास्टर कधी आखडलेलं नाही.”

भाऊ आपल्या पांढऱ्या हातांकडे बघत राहिला.

“घरातच चोरी?” बहीण म्हणाली.

“चोरी कसली? माझ्या कपाटात आहे. विकू का म्हणून शिष्येला विचारलंस, शेजाऱ्यांना विचारलंस. मला विचारलंस? माझी कोणीच नव्हती का आई?”

बहिणीने खोटी बरणी बाजूला सारली. “आण,” ती एवढंच म्हणाली.

बरणी आली. तिचा अंगठा ठशात अलगद बसला. मग तिने भावाचा हात ओढला.

“माझा नाही बसत गं. मोठा आहे.”

“तरी ठेव. आणि त्या माणसाला फोन कर, बरणी विकायची नाही म्हणावं. सगळं मीच करायचं का?”

ठशाच्या कडेला पांढरी पूड लागली. मालकीण फडकं घेऊनच उभी होती. पण तेवढी पूड तिने पुसली नाही.