धवल्यातली धाप

तळवलीतलं आमचं चार मजली घर भाडेकरूंनी भरलेलं असे. गच्चीवरची एक खोली मात्र प्रीतमची होती. माझा हा धाकटा भाऊ तिथे हाउस संगीत रचायचा. चार समान ठोके, आणि त्यांवर तरंगणारा एखादा सूर. आपल्याकडे ते प्रथम रुजवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी तो एक. आमची आई गोजरा धवलारीण. तिने लग्नाचा धवला गायल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे.

एका दुपारी प्रीतमने आईचा धवला ध्वनिमुद्रित केला. मग शब्द आणि सूर कापून टाकले. दोन ओळींमध्ये तिने ओढून घेतलेला श्वास तेवढा ठेवला.

"गानं टाकलंस नि धाप ठेवलीस?" आई हसली. "येरा झालास काय रं?"

"गानं कुनीपन घेईल, आये. ही धाप कुनाकडं हाय?"

तो श्वास ठोक्यांत चपखल बसला आणि प्रीतमचं नाव झालं. परदेशांतल्या काळोख्या दालनांत अनोळखी माणसं माझ्या आईच्या श्वासावर नाचू लागली. इकडे तिच्या ओळी लांबत गेल्या. कडव्यामागून कडवं ती न थांबता गाई. "गोजरे, दम कुटं ठेवून आलीस?" बायका थट्टा करत. चुलतबहीण क्षिप्राच्या हळदीत मी आईच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. ती गात होती. पाठ हलत नव्हती.

मी प्रीतमला सांगितलं. त्याने ती रचना सगळीकडून काढून टाकली.

शेजारीच आई भाजी निवडत होती. तिने तोंड उघडलं. छातीत काहीच शिरेना. ओठ जांभळे पडले.

"परत लाव," मी म्हणाले.

त्याने लावली. रंग परतला. "काय रं, असं काय बगता?" म्हणत ती पुन्हा मेथीकडे वळली.

पण लोकांची आवड टिकत नाही. हळूहळू ती रचना कुणी ऐकेनासं झालं, आणि जगात कुठेच ती वाजत नसली की आईच्या ओठांवर तीच जांभळी छटा उतरू लागली. प्रीतमने तिच्या उशाशी एक छोटा स्पीकर ठेवला. परदेशचे कार्यक्रम सोडले. नव्या रचना अर्ध्यावर राहिल्या. दोन ओळींमधली शांतता ऐकायला लोकांना ज्याने शिकवलं, तो आता शांततेलाच भितो. वीज गेली की इन्व्हर्टरजवळ जाऊन उभा राहतो.

"नवीन कायतरी लाव ना, बाला," आई म्हणते. "याचा कंटाला आला."

"उद्या लावतो, आये."

आज सकाळी ती झोपली असताना मी तिच्या नाकाशी आरसा धरला.

काच स्वच्छ राहिली.

मग स्पीकरवरची धूळ पुसायला गेले. जाळी कोमट होती, ओलसर. आणि जाळीतून आईच्या मिश्रीचा वास येत होता.