सातव्या पायरीचं बक्षीस

सांगते. पण मधेच "भास झाला असेल" असं म्हणायचं नाही. ते मी स्वतःला इतक्या वेळा म्हणून बघितलंय की आता त्या शब्दांचाच राग येतो.

रविवार होता, दुपारचे दोन वाजले असतील. मायनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सुयशला द्यायचा, तीन-चार तास खेळायचं आणि अंबडला परत यायचं, एवढाच बेत होता. अंकुशनगरच्या फाट्यावर जीपमधून उतरले. साखर कारखान्याचं गाळप बंद होऊन दोन महिने झाले होते. हंगामात तिथं उसाच्या ट्रॅक्टरांमुळे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी रस्त्यावर माणूस नव्हतं. मळीचा वास तेवढा होता, गोड, आंबूस, घशाला चिकटणारा. कॉलनीतल्या निम्म्या क्वार्टरांना कुलपं होती.

सुयश कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसातली साखर तपासतो. त्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोन वर्षं एक खेळ खेळत होतो. सुयश गोष्ट सांगायचा आणि आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं व्हायचो. काय करायचं ते आम्ही ठरवायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. पराक्रम केला की खजिना मिळायचा. पुष्कळ पराक्रम साठले की आपलं माणूस एक पायरी वर चढायचं. तिघं म्हणजे मी रेणुका, मेडिकलच्या दुकानात औषधं देणारी; कल्याणी, माझी खोलीतली मैत्रीण, जालन्याच्या डॉक्टरांची मुलगी; आणि गोरक्षनाथ, उसाचा ट्रॅक्टर चालवणारा. हसू नका. मोठी माणसं गल्लीत क्रिकेट खेळतात ते चालतं ना?

पहिलं वर्षभर सुयश आम्हाला सोन्याच्या मोहरा द्यायचा. हजारांनी द्यायचा. त्या घेऊन करायचं काय? गुहेत थोडंच दुकान असतं! मग जादूच्या तलवारी दिल्या. शेवटी कल्याणी वैतागून म्हणाली, "सुयश, माझ्या पाठीवर तलवारींची मोळी झालीय. मला काही मिळाल्यासारखं वाटतच नाही."

सुयशला ते फार लागलं. पुढच्या रविवारी त्यानं दोन नियम आणले. एक, प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आपल्या माणसाला खरोखर काय हवंय. दुसरा, पायरी चढायची असेल तर त्या दिवशी आपली एक खरी गोष्ट टेबलावर सांगायची. आपल्याला सर्वांत प्रिय असलेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"खजिना कुठून तरी यावा लागतो," तो म्हणाला. आम्ही हसलो.

त्यानंतर खेळाला जी रंगत आली ती काय सांगू. आबा, माझे वडील, गेल्यापासून मला धड झोप नव्हती. मी चिठ्ठीत लिहिलं, झोप. पाचव्या पायरीवर गोरक्षनाथनं त्याची गोष्ट सांगितली, लहानपणी उसाच्या भरल्या ट्रॉलीवर तो कसा झोपायचा, खड्ड्यांतून ट्रॉली आदळली तरी डोळा कसा उघडायचा नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मला गुहेत एक घोंगडी सापडली. अंगावर घेतली की काळजी जवळ येत नाही, असली घोंगडी. त्या रात्री मी तीन वर्षांनी गाढ झोपले. सकाळी कल्याणीनं हलवलं तेव्हा कुठं मी उठले. "आता मिळाल्यासारखं वाटतंय," मी सुयशला सांगितलं.

गोरक्षनाथ यायचा बंद झाला. एकदा अंबडच्या स्टँडवर भेटला, डोळे तांबारलेले.

"डोळ्याला डोळा लागून न्हाई राह्यला, रेणुकाताई," तो म्हणाला. "गोळ्या हायेत का काही?"

मी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं. मला तेव्हा काही सुचलं नाही. की सुचलं होतं आणि मी गप्प बसले, हे आज मलाच सांगता येत नाही.

मग माझी सातवी पायरी आली. मी आबांची हाक सांगितली.

आम्ही मेंढरंवाले. प्रत्येक मेंढक्याची आपली एक हाक असते आणि कळप दुसऱ्या कुणाच्या हाकेला बधत नाही. आबांची हाक मी उचलली होती. टाळूला जिभेची टिचकी आणि मग लांब ओढलेला सूर, शेवटी मोडणारा. त्यात शब्द नव्हता. मला शाळेतून घरी बोलवायलाही आबा तीच हाक मारायचे. ते गेल्यावर मायनं वीस मेंढरं ठेवली आणि ती माझ्या तोंडून ती हाक ऐकली की धावत यायची. माय डोळे मिटून ऐकायची. आबांचं आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

टेबलावर मी ती हाक मारून दाखवली.

"पुन्हा एकदा," कल्याणी म्हणाली. मी पुन्हा मारली.

पंधरा दिवसांनी गावी गेले आणि बांधावर उभी राहून तोंड उघडलं. आवाज निघाला, पण तो कुणाचाही होता. मेंढरांनी मानसुद्धा वर केली नाही.

"घसा बसला का गं?" माय म्हणाली.

घसा ठीक होता. हाक आठवतच नव्हती. मोबाईलमध्ये आबांचा एक व्हिडिओ होता, मेंढरं वळवतानाचा. तो लावला. आबांचं तोंड उघडत होतं, कळप वळत होता... आणि आवाज नुसता वाऱ्याचा. मी तो दहा वेळा लावला. रडले नाही, भीतीनं रडू आलंच नाही.

तर त्या रविवारी मी सुयशच्या दारात पोचले. दार लोटलेलं होतं. डबा ओट्यावर ठेवत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून आबांनी हाक मारली.

तीच. टिचकी, लांब सूर, मोडणारा शेवट. माझे पाय आपोआप निघाले. लाज वाटते सांगायला, मी "आले, आबा" म्हणाले.

खिडकीशी कल्याणी उभी होती. बाहेरच्या ओसाड पटांगणाकडे तोंड करून, हळू आवाजात ती हाक मारत होती. मला बघून दचकली.

"तू लवकर आलीस," ती म्हणाली.

टेबलावर सुयशचा चिठ्ठ्यांचा डबा उघडा होता. मी चिठ्ठ्या उलथ्यापालथ्या केल्या. कल्याणीचं अक्षर मी झोपेतही ओळखीन, आमच्या किराण्याच्या याद्या तीच लिहिते. चिठ्ठीवर लिहिलं होतं: रेणुकाच्या आबांची हाक.

"तू मागितलीस?"

तिनं चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला.

"कल्याणी, तू नाव घालून मागितलीस?"

"मला वाटलं खेळातच मिळेल," ती म्हणाली. मग मान खाली घालून, "नाही... माहीत होतं मला. गोरक्षनाथचं बघितलं होतं. पण तू ती मारलीस ना, तेव्हा मला पोटातून रडू आलं. आमच्या घरी मला कुणी असं बोलावलंच नाही गं. बेल वाजायची, जेवायला."

दारात सुयश येऊन उभा होता, हातात दुधाची पिशवी. मी त्याच्या अंगावर ओरडले. तो चिडला नाही, घाबरलाही नाही. त्याला वाईट मात्र वाटलं होतं, आणि ते खेळाबद्दल.

"एवढं मन लावून बक्षिसं दिली मी," तो म्हणाला. "तूच म्हणाली होतीस, आता मिळाल्यासारखं वाटतंय. घोंगडी परत करतेस का?"

मी चिठ्ठ्यांचा डबा टेबलावर पालथा केला.

"दिलेलं मी काढून घेऊ शकत नाही," तो म्हणाला. "जिच्याकडं आहे तिनं, जिथली आहे तिथं जाऊन द्यावी लागेल."

"मी देते," कल्याणी लगेच म्हणाली. "आत्ता चल, रेणुका. शपथ घेते." तिनं माझा हात धरला. आठ वर्षांची मैत्रीण. मी विश्वास ठेवला.

आमची वस्ती घनसावंगीच्या पुढे. जीपमध्ये सगळी वाट ओठ हलत होते तिचे. पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. मेंढरं कापणी झालेल्या रानात पांगलेली, माय लिंबाखाली चुलीला काटक्या लावत होती. कुत्रं तिच्या पायाशी पडलेलं.

"दे," मी म्हणाले.

"एकदाच मारते. मग तुझी."

तिनं हाक मारली.

वीसच्या वीस मेंढरांच्या माना एकदम वर झाल्या. कळप वळला आणि येऊन तिच्या गुडघ्यांना भिडला. आबा गेल्यापासून नीट न उठलेलं कुत्रं बांधाकडे सुटलं आणि तिथं, मोकळ्या हवेत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर उड्या मारायला लागलं. मग ते परत यायला निघालं, कुणाच्या तरी चालीनं, थांबत, मागं बघत.

मायनं डोक्यावरून पदर घेतला.

"आले," ती म्हणाली. तीन वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. तिनं तांब्या भरून अंगणाच्या कडेला ठेवला. "हातपाय धुवा, भाकरी टाकते."

मला बांध दिसत होता. कुत्रं दिसत होतं. बाकी काहीच नाही.

"आबा?" मी म्हणाले. "आबा, मी इकडंय..."

कुत्रं माझ्या बाजूनं गेलं, माझा पायही न हुंगता. कल्याणी थोडं वर बघत होती, उंच माणसाच्या तोंडाकडं बघावं तसं. हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं.

"कल्याणी, दे आता. शपथ घेतलीस तू."

तिनं ऐकलं, मला खात्री आहे. पण मान वळवली ती दुसऱ्याच कुणीतरी काही विचारल्यासारखी. मग माझ्याकडे बोट केलं.

"मैत्रीण हाये माझी, आबा," ती म्हणाली. "अंबडला असती. सोबतीला आल्ती."

जालन्याच्या डॉक्टरांची मुलगी. आमची बोली तिच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

मी तांब्याकडे धावले, काहीतरी हाताला लागेल म्हणून. तांब्या उभाच होता आणि रिकामा होता. भोवतालची माती कोरडी.

मायनं चार ताटं मांडली. कल्याणी हक्कानं चुलीपाशी बसून भाकरी उलटायला लागली. मी मायचा खांदा धरला, तिला गदागदा हलवलं. तिनं माझा हात हळूच बाजूला केला, परक्या पोरीचा करावा तसा, रागावली नाही.

"बस की गं, उभी कामून राह्यलीस?" ती म्हणाली. भाकरी मोडून तिनं माझ्या ताटात वाढली आणि मायेनंच विचारलं, "तुझं गाव कोणतं गं, पोरी?"