पाहुणपेशी

प्रयोगशाळेतला सकाळचा चहा अजून कपातच वाफाळत होता, तेवढ्यात अयान मुजावरने पडद्यावरचा निकाल वाचला आणि तो खुर्ची मागे सारून उभाच राहिला.

"मॅडम, मगदूमांच्या केसमध्ये अडचण आहे. म्हणजे... घरगुती अडचण."

डॉ. सुनंदा आरवाडे यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मिरजेतल्या या प्रयोगशाळेत त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि आता निवृत्ती दाराशी येऊन उभी होती. गरोदर बाईने दवाखान्यात यायचे नाही, दवाखान्याने तिच्या घरी जायचे, ही घरभेट सेवा त्यांनीच उभी केली होती. शिकत होत्या तेव्हा त्या स्वतः एस.टी.ने बेडग, म्हैसाळकडच्या घरांतून फिरत. पिशवीत वजनाचा ताणकाटा असायचा. तो आढ्याला टांगायचा, खाली झोळीत तान्हे मूल ठेवायचे, आणि ते हातपाय झाडायचे थांबेपर्यंत घरातल्या बायकांशी गप्पा मारत बसायचे. आता घरोघरी जाणाऱ्या भेटताईच्या पिशवीत साबणाच्या वडीएवढा रक्तवाचक असतो. बोटातून एक थेंब घेतला की काम झाले. गप्पांना वेळ लागत नाही, कारण गप्पाच होत नाहीत.

"काय अडचण?"

"तनिष्का मगदूम. पहिलटकरीण, माहेरी आली आहे. बाळाच्या पेशींत अमोनियाचा दोष निघालाय. दोन्ही प्रती सदोष."

"ते मला ठाऊक आहे. म्हणून तर आज दुपारी तिला दुरुस्तीद्रव द्यायचं आहे."

"हो. पण काल तिच्या नवऱ्याचा थेंब पुण्याहून आला." अयानने आवाज खाली आणला, खोलीत दुसरे कोणी नसतानाही. "त्याच्यात दोष नाही. एकही प्रत सदोष नाही."

सुनंदाबाईंच्या हातातला कप टेबलावर टेकला.

हिशेब सरळ होता. प्रत्येकाच्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या, प्रयोगशाळेच्या भाषेत पानाच्या, दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या आजाराला दोन्ही सदोष लागतात. तनिष्काकडे एक सदोष प्रत होती, तेवढी बाळाला दिली असेल. पण दुसरी? नवऱ्याकडे नसलेली गोष्ट नवरा देणार कुठून?

"यंत्राने खाली शेरा मारलाय," अयान म्हणाला. "'पितृत्व तपासा.'"

"यंत्राला जीभ दिली तेव्हाच मी म्हटलं होतं, त्याला थोडी लाजही द्या."

अयान हसला नाही. "भेटताईंचा फोन होता. त्या म्हणतात, हा प्रश्न मी विचारणार नाही. मी त्या घरात पोहे खाल्लेत."

"मग मी जाते. गाडी काढ, आणि रक्तवाचक घे."

वाटेत सुनंदाबाई तोच हिशेब पुन्हा मांडत होत्या. दुरुस्तीद्रव म्हणजे जीवघेणी गोष्ट. आईच्या शिरेतून दिला की तो वारेतून बाळापर्यंत जातो आणि त्याच्या यकृतात बिघडलेले काम पुरे करतो. दोष असेल तर त्याने मूल वाचते; तो न दिल्यास जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच, दूध अंगी लागायच्या वेळी, रक्तात अमोनिया चढून मरते. पण दोष नसताना तोच द्रव दिला तर चांगले चाललेले यकृतच कोलमडते. सुईने गर्भाजवळचे पाणी काढून खात्री करावी, तर तनिष्काची वार खाली होती, दोनदा रक्त गेले होते. तिच्या डॉक्टरांनी सुईला साफ नकार दिला होता. म्हणजे सगळी भिस्त त्या एका थेंबावर.

"पण मॅडम, थेंब तरी खोटं कसं बोलेल?" अयानने न राहवून विचारले. "बाळाच्या पेशी वारेतून आईच्या रक्तात येतात. आपण आईच्या नसलेल्या पेशी वेगळ्या काढतो आणि वाचतो. पाहुणपेशी. आईच्या अंगात आईच्या नाहीत म्हणजे बाळाच्या. यात चूक कुठे होणार?"

"तेच शोधतेय," त्या म्हणाल्या.

तनिष्काचे माहेर, चौगुल्यांचे घर, विजयनगरच्या नव्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडले ते तनिष्काच्या आईने, वैशालीताईंनी. पदराला हात पुसत त्यांनी पाहुण्यांना आत घेतले, पण चेहऱ्यावर हसू नव्हते. सुनंदाबाईंची नजर सवयीने स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. दूध पावडरचे डबे एकावर एक रचलेले, न फोडलेले, दुकान मांडावे तसे.

"अगंबाई, एवढी पावडर?"

"बाळासाठी," वैशालीताई म्हणाल्या. "अंगावर पाजायचं नाही, असं मी आधीच सांगून ठेवलंय."

"आईचं हे एक खूळ आहे," आतून तनिष्काचा आवाज आला. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, मांडीवर रिकामे ताट. "भेटताईंनी तीनदा समजावलं. ऐकत नाही. मला म्हणते, तुलाही वरच्या दुधावरच वाढवली, तू मेलीस का?"

"मरायची भाषा करू नकोस," वैशालीताई इतक्या जोरात म्हणाल्या, की अयानने दचकून मान खाली घातली.

कोपऱ्यात शीतपेटी होती. आत दुरुस्तीद्रवाची पिशवी. तिच्यावरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता.

सुनंदाबाईंनी वैशालीताईंना चहा टाकायला सांगितले, आणि त्या आत गेल्यावर पलंगाच्या कडेला बसून, शक्य तितक्या मऊ शब्दांत तो प्रश्न विचारला.

तनिष्काचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"प्रणवला सांगितलंत हे?"

"नाही. सांगणारही नाही. पण औषध द्यायच्या आधी मला खरं कळायला हवं, बाळा. तुझ्या घरच्या भानगडीशी मला देणंघेणं नाही. चुकलं तर जीव जाईल."

"भानगड नाहीच आहे." तिने बोट पुढे केले. "घ्या अजून रक्त. तुमचं हे यंत्र सगळं वाचतं ना?"

"सगळं नाही," अयान म्हणाला. "आजारांची तेवढी पानं वाचतं. सगळी वाचायला वेळ लागतो, म्हणून..."

"म्हणून अर्धं वाचून माझ्यावर आळ घेता? वाचायचं तर सगळं वाचा."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे पाहिले. खोटे बोलणारे माणूस अशा वेळी कमी वाचा म्हणते, जास्त नव्हे.

"लाव रे," त्या अयानला म्हणाल्या.

रक्तवाचकाने थेंब शोषला आणि तो बारीक गुणगुणू लागला. वैशालीताईंनी चहा आणला. कोणी प्याले नाही. चहावर साय धरली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. वैशालीताई मधूनच उठून शीतपेटीच्या दिव्याकडे बघून येत होत्या, जणू तो विझला तर त्यांचाच दोष.

"मॅडम," अयान पडद्यावर वाकून हळूच म्हणाला, "मुलगा की मुलगी ते पान उघडलं असतं तर निदान..."

"ते पान यंत्र वाचायच्या आधीच फाडतं. कायदा आहे, आणि तो का करावा लागला ते तुझ्या पिढीला ठाऊक नाही, मला आहे. त्याच्याशिवाय कर."

मग यंत्र थांबले. अयानने निकाल वाचला, पुन्हा वाचला, आणि पडदा सुनंदाबाईंकडे वळवला.

"हे कसं शक्य आहे?"

"मोठ्याने सांग. ज्याचं आहे त्याला कळू दे."

"बाळ आईचं असेल तर प्रत्येक पानावर आईची एक प्रत सापडायलाच हवी. एकही पान सुटणार नाही. इथे..." त्याने पडद्यावर बोट ठेवले. "इथे कित्येक पानांवर तनिष्काताईंची एकही प्रत नाही. या पेशी त्यांच्या बाळाच्या नाहीत."

ज्या बाळाला बाप सापडत नव्हता, त्याला आता आईही सापडेना.

"मग माझ्या पोटात कोणाचं आहे?" तनिष्का पोटावर दोन्ही हात दाबून ओरडली.

"तुझंच आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "अयान, किती पानांवर नाही?"

"साधारण चारातल्या एकावर."

"आणि कुठे दोन्ही जुळतात?"

"तीही तेवढीच. बाकी ठिकाणी एक."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही जुळणारी पाने, एकही न जुळणारी पाने, आणि मधली. अशी वाटणी एकाच नात्यात पडते. एकाच आईबापांच्या ओंजळीतून ज्यांनी वेगवेगळ्या वेळी उचलले त्यांच्यात.

"वैशालीताई," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तुम्हांला मुलं किती?"

"एकच ही. भेटताईंनी विचारलं होतं, सांगितलंय मी."

"या पेशी तनिष्काच्या सख्ख्या भावंडाच्या आहेत."

वैशालीताईंनी मान वळवली. त्यांनी फळीवरच्या पावडरीच्या डब्यांकडे पाहिले, आणि सुनंदाबाईंनी त्या पाहण्याकडे पाहिले. एकदम त्यांना स्वतःची आई आठवली. त्यांच्या लहानपणी आई सांगायची, मला चार. शेजारची म्हातारी एकदा बोलून गेली होती, पाच ना गं? तेव्हा आईने तिला हाताला धरून बाहेर नेले होते. बारशाआधी गेलेले मूल कोणी मोजत नाही. त्याला नाव नसते, म्हणून त्याची आठवण काढायला शब्दही नसतो.

"बारसं व्हायच्या आधी गेलं का?" त्यांनी विचारले.

वैशालीताई खाली बसल्या, थेट फरशीवर.

"मुलगा होता," त्या म्हणाल्या. "गोरा, भरलेला. जन्मला तेव्हा एवढा रडला, की सिस्टर म्हणाली गवई होणार. मग दूध ओढायला लागला आणि सुस्तावत गेला. पाजलं की अजूनच. श्वास भरभर. मी पाजतच राहिले, सगळे म्हणत होते पाज, अंगात जोर येईल. सासूबाई नंतर म्हणाल्या, तुझं दूध बाधलं. परत कोणी विषय काढला नाही. हिला म्हणून मी कधी छातीला लावलीच नाही."

"आई," तनिष्का म्हणाली.

"तुमचं दूध बाधलं नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "कोणाचंही दूध त्याला पचलं नसतं, पावडरीचंही नाही. दोष त्याच्या दोन्ही प्रतींत होता. एक तुमची, एक त्याच्या वडिलांची. तुम्हां दोघांपैकी कोणालाही ते कळायचा मार्ग नव्हता."

"पण तो गेला," वैशालीताई म्हणाल्या. "मग हिच्या रक्तात कसा?"

सुनंदाबाईंनी सावकाश सांगितले. बाळाच्या पेशी आईच्या अंगात येतात, आणि मूल बाहेर आले तरी काही परत जात नाहीत. हाडांच्या मगजात, काळजाच्या भिंतीत घर करतात, वर्षानुवर्षे राहतात. पुढचे मूल पोटात आले, की त्यांतल्या काही वारेतून त्याच्याकडे जातात. मोठ्या भावाच्या पेशी अशा आईकडून धाकट्या बहिणीत उतरल्या. इतकी वर्षे गुपचूप होत्या. आता ती गरोदर राहिली, शरीराचा पहारा सैल झाला, तशा त्या वाढल्या, आणि यंत्राला आधी त्याच भेटल्या. आईच्या नाहीत म्हणजे बाळाच्या, असे आपण यंत्राला शिकवले. पाहुणा एकच असतो असे आपण धरून चाललो.

"म्हणजे दुसऱ्याही पेशी असतील," अयान म्हणाला आणि त्याची बोटे भराभर चालू लागली. "या वगळून जे उरतं ते... थोड्या आहेत. फार थोड्या."

"वाच."

पुन्हा गुणगुण. तनिष्काने आईचा हात धरला होता, की आईने तिचा, ते सांगता आले नसते.

"प्रत्येक पानावर तनिष्काताईंची एक प्रत आहे," अयान म्हणाला. "प्रत्येक. आणि दुसरी प्रणवरावांची. आजार नाही. मॅडम, आजार नाही!"

सुनंदाबाई उठल्या आणि शीतपेटीचे बटण त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केले. हिरवा दिवा विझला. मग त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला. "आज जिल्ह्यात कुठेही दुरुस्तीद्रव द्यायचा नाही. कारण नंतर सांगते. आणि आजवर ज्यांना दिला, त्यांचे जपून ठेवलेले सगळे थेंब बाहेर काढा." एवढे बोलून त्या क्षणभर खिडकीशी उभ्या राहिल्या. त्या थेंबांत काय निघेल, याची भीती त्यांना आता कायम सोबत करणार होती.

"डॉक्टरीणबाई," मागून वैशालीताईंनी हाक मारली. त्यांनी आपले बोट पुढे केले होते. "माझ्यात बघता का, आहे का तो?"

अयानने थेंब घेतला. या वेळी सगळी पाने वाचायची गरज नव्हती. त्याच पेशी होत्या, आणि मुलीपेक्षा जास्त होत्या. वैशालीताईंनी निकाल ऐकला आणि नुसती मान हलवली, जणू शेजारच्या खोलीत कोणी आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होते, फक्त दार उघडायची परवानगी नव्हती.

रक्तवाचक बोलला, त्याच्या त्या न थकणाऱ्या आवाजात: "तिसऱ्या व्यक्तीची नोंद अपूर्ण आहे. नाव सांगा."

अयान यंत्र बंद करायला वाकला. सुनंदाबाईंनी त्याचा हात धरला.

"ठरवलं होतंत काही?" त्यांनी विचारले.

वैशालीताईंनी होकार दिला. मग ओठ उघडले, आणि पुन्हा मिटले. नाव असे चारचौघांत, यंत्राला सांगून टाकायचे नसते. ते आधी ज्याचे असते त्याच्या कानात सांगतात. त्या फरशीवरून उठल्या, पलंगाशी आल्या, मुलीच्या केसांची बट त्यांनी मागे सारली आणि तिच्या कानाशी ओठ नेऊन नाव सांगितले.

"नाव ऐकू आले नाही," रक्तवाचक म्हणाला. "पुन्हा सांगा."

"ज्याला ऐकायचं होतं त्याने ऐकलं," तनिष्का म्हणाली.