आवाज नसलेली ओळ

तुम्ही विचारताय म्हणून सांगते, पण तोंडावरचा रुमाल सोडायला सांगू नका. काम साधंच होतं. कंपनीत चौकशांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम माझं. ते आता कॉम्प्युटर करणार म्हणून मॅनेजरने दोन प्रोग्रॅम आणले. एक नुसता आवाज ऐकून लिहायचा. दुसरा व्हिडिओ बघायचा, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याभोवती चौकट आखायचा, ओठ वाचून लिहायचा. दोन्हींना एकच फाईल देऊन बरा असेल तो मी निवडायचा होता.

फाईल कुठली दिली? माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूच्या चौकशीची. "तीच सगळ्यात छोटी आहे," मॅनेजर म्हणाला. मेल्याला लाज नाही.

भाऊ आमच्याच कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचा. तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेला असताना इंजिनिअरने वरून लिफ्ट सुरू केली. आणि चौकशीत शपथेवर सांगितलं, की भावाने खालून हाक मारलीच नाही. म्हणजे चूक मेलेल्याची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑडिओवाल्याने बोलणारे दोन लिहिले, अधिकारी आणि इंजिनिअर. व्हिडिओवाल्याने तीन. तिसऱ्याची एकच ओळ होती.

"साहेब, मी खाली आहे... थांबा..."

मी ती जागा दहा वेळा लावली. आवाज नाही. दोघांच्या मागे कपाटाची काच, आणि त्या रिकाम्या काचेवर चेहऱ्याएवढी चौकट. खोलीत ग्रीसचा वास सुटला. त्याचे कपडे मी धुवायचे, तो वास मला ओळखायला शिकवू नका.

मॅनेजरला दाखवलं. त्याने प्रोग्रॅम तपासायला इंजिनिअरलाच बोलावलं आणि भर दुपारी आम्ही तिघं कॅमेऱ्यासमोर बसलो. इंजिनिअर माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा तेच बोलला. या वेळी चौथं कोणी आलं नाही.

"व्हिडिओवाला पदरचं लिहितो," मॅनेजर म्हणाला. "ऑडिओवाल्याचीच प्रत आज वर पाठव."

प्रत गेली की चूक कायमची भावाच्या नावावर. मॅनेजर फोनला लागला. इंजिनिअर शीळ घालत लिफ्टकडे गेला. शीळ! मी दात आवळून बसून राहिले. कॅमेरा चालूच होता. पडद्यावर ओळ उमटली.

"ताई, साहेब आत शिरले... पाडू का?"

मी तोंड उघडलं नाही. आईची शपथ घेऊन सांगते, नाही उघडलं. तरी माझ्या चेहऱ्याभोवती चौकट आली, आणि खाली एकच शब्द.

"पाड."

लिफ्ट सहा मजले खाली गेली.

पोलिसांना मी त्या दुपारची ऑडिओवाल्याची प्रत दिली. त्यात त्या जागी काहीच नाही. व्हिडिओवाला पुसून टाकला. भावावरचा ठपका मात्र अजून तसाच आहे, कारण मॅनेजरने चौकशीची प्रत स्वतः वर पाठवली. हल्ली तो जिन्याने जातो.

मी त्याला काही बोलत नाही. पण तो समोरून गेला, की या रुमालाखाली माझे ओठ हलतात.