नाव नंतर

आरसे पुसण्याचे काम होते. त्यात भिण्यासारखे काहीच नव्हते.

मी रंगारी. भिंतींवर जाहिराती रंगवण्यात माझे आयुष्य गेले. पुढे छापील फलक आले आणि भिंती माझ्या हातून सुटल्या. तेव्हा जाहिरातवाल्या साहेबांनी एक नवेच काम दिले. पाण्यासारखा द्राव साच्यातून आरशावर लावायचा. एरवी डोळ्यांना काही दिसत नसे. पण आरशावर वाफ धरली की तेवढी अक्षरे कोरी राहत आणि वाक्य वाचता येई. वाफ विरली की वाक्यही नाहीसे होई.

वाक्य एकच होते : ‘आज कोणीतरी तुमची आठवण काढली आहे.’

“खाली कंपनीचं नाव?” मी विचारले.

“नाव नंतर,” साहेब हसले. “आधी लोकांना जरा झुरू दे. कोडं आणि उत्तर एकाच पानावर कोण छापतं?”

जाहिरात एका टेलिफोन कंपनीची होती. तिच्यासाठी त्यांनी एकट्याने राहणाऱ्या भाडेकरूंची इमारत मुद्दाम निवडली. एकटा माणूस लवकर विश्वास ठेवतो, हे त्यांना ठाऊक होते. परमेश्वरालाही ते ठाऊक आहे. पण तो त्याचा व्यापार करीत नाही.

पुढे कंपनीचा विचार बदलला. नाव कधी उमटलेच नाही. इमारत नव्या मालकाकडे गेली, भाडेकरू उठले, आणि आरसे कोरे करून द्यावेत असा मला निरोप आला.

थंडीतली दुपार उतरत होती. इमारतीची देखभाल करणाऱ्या मावशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभ्या होत्या.

“छप्पर गळतंय म्हणून वर्षभर घसा कोरडा केला, तेव्हा कोणी फिरकलं नाही,” त्या म्हणाल्या. “आरसे पुसायला मात्र माणूस धाडलाय. या.”

नळांचे पाणी तोडलेले होते. म्हणून प्रत्येक आरशाजवळ तोंड नेऊन मी श्वास सोडी. अक्षरे दिसली की स्पिरिटच्या फडक्याने घाशी आणि खात्रीसाठी पुन्हा श्वास सोडी. खोलीमागून खोली झाली. रिकाम्या इमारतीत माझ्याच श्वासाचा आवाज मला मोठा वाटू लागला.

शेवटच्या खोलीशी मावशी थबकल्या.

“इथे शिंपीकाका राहायचे,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हातारे, एकटे. त्यांना वाटलं, ते वाक्य फक्त त्यांच्याच आरशावर येतं. रोज विचारायचे, ‘मावशी, नाव सांगून गेलं का हो कोणी?’ मी म्हणायचे, ‘येईल, नावही येईल.’ मला तरी कुठे ठाऊक होतं? आणि जाहिरात आहे हे कळलं, तेव्हा... सांगायला जीभ उचलेना.”

“मग?”

“कोणी आलं तर बरं दिसावं म्हणून कोट शिवायला घेतला. गेले तेव्हा तोच अंगात होता. कच्चा दोराही काढायचा राहिला होता. खुर्ची दाराकडे वळवलेली...” त्यांनी पदर तोंडाशी धरला. “अजून वाट बघतायत हो ते. तुम्ही सांगा त्यांना. सुटतील बिचारे.”

“तुमची ओळख होती. तुम्हीच सांगा.”

“इथपर्यंत येते. उंबऱ्यापुढे पाय उचलत नाही.”

मी आत गेलो. खिडकी बंद होती. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा वास येत होता. मी श्वास सोडण्याआधीच आरशावर वाक्य दिसत होते.

वाफेचा डाग माझ्या हनुवटीच्या खाली होता. बुटक्या, वाकलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर. तो पसरे, तेव्हा वाक्य पुरे दिसे. आक्रसे, तेव्हा ‘आठवण’ एवढाच शब्द उरे. पुन्हा पसरे.

मी देवाचे नाव घेतले.

“काका... ते वाक्य मी लावलं होतं. ती... जाहिरात होती.”

डाग पसरेना, आक्रसेना. कोणी श्वास रोखून धरावा, तसा जागीच राहिला.

सत्य सांगायचे तर पुरते सांगावे, असे मी मानतो. कोणी तुमची आठवण काढली नव्हती, एवढेच सांगायचे उरले होते. ते माझ्या तोंडून निघाले नाही.

“आजपासून मी काढीन,” मी म्हणालो. “रोज. देवासमोर.”

डाग एकदा काठापर्यंत पसरला आणि विरून गेला. मी आरसा घासला, त्यावर श्वास सोडला. काच कोरी होती.

बाहेर मावशींनी विचारले, “सांगितलंत?”

“सांगितलं.”

“सगळं?”

मी त्यांच्या हातातला जुडगा घेऊन दाराची किल्ली शोधू लागलो.

त्यांचे खरे नाव मी विचारले नाही. प्रार्थनेत शिंपीकाका एवढेच म्हणतो. माझ्या घरीही दुसरे कोणी नाही. माझी आठवण कोण काढील, हा विचार मी करीत नाही. तुम्ही मित्रमंडळी गप्पांना थांबायचा आग्रह करता, तरी दिवेलागणीला मी उठून घरी जातो, याचे कारण हे आहे. दिल्या शब्दाला खाडा नको.

परवा मात्र खाडा झाला. तापाने ग्लानी होती, प्रार्थना चुकली.

काल सकाळी गार पाण्याने तोंड धुतले आणि मान वर केली. माझ्या आरशावर मी कधीही काही लावलेले नाही. अक्षर एकही नव्हते. हनुवटीच्या खाली फक्त वाफेचा डाग होता, पसरत, आक्रसत.

मी तो फडक्याने पुसला. पुन्हा पुसला. डाग हलला नाही, आणि फडके कोरडेच राहिले. वाफ काचेच्या आतल्या बाजूला होती.